व्याह्यांचा फोन

सोमवार, १७ नोव्हेंबर. दुपारी १२

बंगळुरूत पोहोचलो. हॉटेल बरं आहे. रूम ३०७. खिडकी आहे पण उघडत नाही. विमानापासून कमरेत चमक. रिटायरमेंटला चार महिने राहिले, हा बहुधा शेवटचा टूर. रोज मेट्रोनं बोम्मसंद्रा, तिथल्या कारखान्यात आमचे पंप तपासायचे, संध्याकाळी परत.

संकल्प: सकाळी सहाला जिम. नाश्त्याला फक्त पपई. साखर बंद. कुणावरही चिडायचं नाही.

स्वानंदी बनशंकरीला असते, सासरी. इथून मेट्रोनं एकच स्टेशन. लग्नाला वर्ष झालं, पण लेकीचं घर मी अजून पाहिलेलं नाही. या खेपेला पाहणार, नक्की. व्याह्यांचा फोन आला की निघायचं. बोलावल्याशिवाय व्याह्यांच्या दारात उभं राहायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

संध्याकाळी ७

फोन नाही. स्वानंदीचा मेसेज आहे: बाबा, कधी येताय? ही चौकशी झाली, आमंत्रण नव्हे. बोलावायचं ते तिच्या सासऱ्यांनी, रीतसर.

व्यंकोजीराव रागावलेत, हे उघड आहे. लग्नाच्या पंगतीत मी त्यांचं मराठी सुधारलं होतं. चार-पाचदाच, आणि प्रेमानं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं, निम्मं कानडी बोलतात. कुणीतरी सांगायला नको? मी मात्र मनात काही ठेवलेलं नाही. बाकरवडीची दोन पाकिटं आणलीत त्यांच्याकडे न्यायला. एक फोडून पाहिलं, प्रवासात मऊ पडली की काय म्हणून. पडलेली नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ८.१५

जिम झाली नाही. म्हणजे गेलो होतो. ट्रेडमिलवर एक बाई होत्या, त्या उतरेनात. वीस मिनिटं उभा राहिलो. उभं राहणं हाही व्यायामच. नाश्त्याला ठरल्याप्रमाणे पपई. पपईबरोबर दोन वडे, डोसा आणि केसरीबाथ, म्हणजे इथला शिरा. केसरीबाथमध्ये अननस असतो, म्हणजे फळच.

संध्याकाळी ६.३०

दमलो. दिवसभर उभ्यानं पंप मोजले. पुण्याहून प्रमोदिनीचा फोन. म्हणाली, नवरेपणा माझ्याशी करता तेवढा पुरे, तिथे व्याहीपणा करत बसू नका, उठा आणि जा. मी म्हटलं, हा मानाचा प्रश्न नाही, रीतीचा आहे. मग तिनं बाकरवडीचं विचारलं. देतोय, म्हटलं. (दीड पाकीट शिल्लक.)

शिवाय बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरलीय, रस्ते तुंबलेत. अशात कुणी कसं जावं? रिसेप्शनवरच्या भव्याला तसं म्हटलं, तर ती हिंदीत म्हणाली, जत्रा त्या बाजूला सर, बनशंकरी या बाजूला, मेट्रोनं पाच मिनिटं, स्वल्पही त्रास नाही. न विचारलेली माहिती फार देतात इथे.

व्याह्यांचा फोन नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर. दुपारी १.३०

काम बाराला संपलं. विमान उद्या रात्री नऊचं. मोकळाच आहे.

ठरवलं. कुणीतरी मोठेपणा दाखवायला हवा आणि तो त्यांच्याकडून होणार नाही. सहाला निघायचं, फोन येवो न येवो. शर्टाला इस्त्री करून घेतली. पंगतीतला विषय त्यांनी काढला, तर मी मोठ्या मनानं सोडून देणार. बूट घालूनच जरा आडवा होतो.

संध्याकाळी ७.५०

झोप लागली. आता ऐन जेवणाच्या वेळी जाणं बरं दिसत नाही. दुसरं पाकीट फोडलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी १०

स्वानंदी येऊन गेली, ऑफिसला जाता जाता. दहा मिनिटं. वाळली आहे. तक्रार एकही केली नाही.

तिचे सासरे तिन्ही दिवस संध्याकाळी सहा ते साडेसात बनशंकरी स्टेशनच्या दाराशी उभे होते. मला घरी न्यायला. मग फोन का नाही केला, मी विचारलं. त्यांच्याकडे फोन करून परक्याला बोलावतात म्हणे. घरचा माणूस येतोच, त्याला फक्त सामोरं जायचं असतं. तिच्या सासूबाई रत्नाबाई रोज माझं पान मांडून ठेवत होत्या.

पंगतीतलं मीच विचारलं. ते तर अण्णा (सासऱ्यांना ती अण्णा म्हणते) सगळ्यांना कौतुकानं सांगतात म्हणाली. पुण्याच्या व्याह्यांनी जेवता जेवता मराठी शिकवलं, आता आम्ही स्वल्प सुधारलो.

मी म्हटलं, अगं, त्यांना स्टेशनवर जायला नको म्हणायचंस. ती म्हणाली, मी म्हणत होते की. रोज सांगत होते, बाबांना काम असेल, जमणार नाही. शाळेच्या गॅदरिंगपासून हेच सांगत आलेय, त्यामुळे मला सवय आहे. हे हसून म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

निघताना तिनं विचारलं, विमान कितीचं? ती रजा टाकते की काय असं वाटून माझ्या तोंडून निघून गेलं, दुपारी दोनचं.

दुपारी १२.३०

रूम सोडली. लॉबीत बसलोय. अजून साडेआठ तास. सहज जाऊन येता येईल. पण आता गेलो, तर दोनच्या विमानाचं काय सांगायचं?

दुपारी ४.१५

शेवटी मीच व्यंकोजीरावांना फोन लावला. पुण्याला सुखरूप पोहोचलो, असं सांगितलं. काम फार होतं, म्हटलं. त्यांना अगदी पटलं. म्हणाले, सरी सरी, बरोबर आहे, काम आधी. पुढल्या खेपेला कुठली गाडी ते तेवढं कळवा, मी दाराशीच राहतो. मग विचारलं, पुण्यात थंडी पडली का?

पडली, म्हटलं.

टॅक्सी साडेपाचला येणार आहे.