दाण्यावरचा वळू

५ मार्च

ती. सौ. ताईस,
लंबूचा सा. न. वि. वि.

भावोजींना नवा वळू हवाय हे वाचून बरं वाटलं, कारण या वर्षी माझ्या गोठ्यात एक असा आहे की बघत राहावं. पोरीने त्याचं नाव ढब्बू ठेवलंय. दूध तुटल्यापासून त्याला दोन्ही वेळा भरड चालू आहे, मका आणि जव. पाठ टेबलासारखी सपाट, अंगावर माशी बसली तर घसरेल.

तू नाक मुरडणार हे ठाऊक आहे. तुमच्याकडे वळू नुसत्या चाऱ्यावर वाढतात, सावकाश वाढतात आणि म्हातारे होईपर्यंत टिकतात, हे तू मला शंभरदा ऐकवलंयस. पण ताई, गिऱ्हाईक आधी अंग बघतं. हडकुळं जनावर दाखवलं की चहा पिऊन चालू लागतं.

ढब्बू माझ्याकडून भेट. नको म्हणालीस तर रुसेन, आणि माझं रुसणं तू पाहिलेलं आहेस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा लंबू

२० एप्रिल

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

ढब्बू सुखरूप पोचला. ह्यांना बघताक्षणी आवडला. आल्यागेल्याला गोठ्यात नेऊन दाखवतात, जसा काही स्वतःच वाढवलाय.

मला मात्र धाकधूक आहे. आमचं कुरण चढाचं, दगडांचं. दिवसभर चरायचं आणि गाईंच्या मागे हिंडायचं. ह्याला चरायची सवयच नाही. फाटकाशी उभा राहून बादलीची वाट बघतो, तू लहानपणी जेवायच्या आधीच ताट घेऊन बसायचास तसा. हे म्हणतात, शिकेल. भरड हळूहळू कमी करतोय.

पोरीला माझा पापा. जपून राहा.
ताई

२ जुलै

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

बातमी चांगली नाही. ढब्बूच्या अंगावरचं सगळं उतरलं. पुढचे पाय लांब टाकून उभा राहतो, बसला की उठवत नाही. खुरांना हात लावला तर चटका बसावा इतके तापलेत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, वाढत्या वयात दाणा फार झाला की पोटात आंबतं आणि त्याचा त्रास खुरांना होतो. चरबीने बीजही कमजोर झालंय. गाई तपासल्या, बहुतेक रिकाम्याच निघाल्या. म्हणजे पुढच्या वर्षी गोठ्यात वासरं जवळजवळ नाहीत.

त्यांच्या मते त्याला इंजेक्शन देऊन सोडवावं. हे ऐकत नाहीत. मेहुण्याने प्रेमाने दिलेलं जनावर, असं म्हणतात, आणि तासन् तास त्याच्या खुरांवर गार पाणी ओतत बसतात.

मी रागावलेली नाही. पण बाकीच्यांची भरड बंद कर.
ताई

९ जुलै

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून वाईट वाटलं. पण एवढ्यात हात टेकू नका. डॉक्टर लोकांना घाई असते. खुरात खडा रुतला असेल, नाहीतर पू धरला असेल. भावोजींना सांग, पाय उचलून मांडीवर घ्या आणि खूर थोडा कोरून बघा. ढब्बू फार गरीब आहे, पोर त्याच्या पाठीवर बसायची. काही करणार नाही.

राग मनात ठेवू नकोस.
लंबू

३० जुलै

चि. लंबूस,
आशीर्वाद.

तू आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

ह्यांनी तू सांगितलंस तसाच पाय मांडीवर घेतला होता. मी दावं धरून होते. चाकू लागला आणि ढब्बू कळ येऊन एका अंगावर कलला. त्याने शिंगं उगारली नाहीत, की तो धावून आला नाही. हे भिंत आणि तो यांच्यामध्ये सापडले. गड्याने काठी उचलली तेव्हा ह्यांना बोलता येत होतं. म्हणाले, "मारू नको, त्याचा पाय दुखतोय." त्यानंतर बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी ढब्बूला इंजेक्शन दिलं. तेव्हाही दावं मीच धरलं.
ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आलो त्याच दिवशी सगळ्यांची भरड बंद केली होती. चाऱ्यावर जनावरं चपळ झाली, खूर घट्ट झाले. पण विक्रीच्या दिवशी लोक आले, बघून गेले. एकाने तर यांना रोग आहे का असं विचारलं. सगळे वळू तसेच गोठ्यात उभे आहेत.

परवापासून मी पुन्हा भरड सुरू केली. पूर्वीपेक्षा कमी, पण सुरू केली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लिहितोय. पोर अजून ढब्बू कसा आहे विचारते. तिला काय सांगू ते कळत नाही.

काय लिहून पत्र संपवू?
लंबू

१८ नोव्हेंबर

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

तुला घर चालवायचंय हे मला कळतं. भरड घालू नकोस असं आता मी पुन्हा सांगणार नाही.

पुढच्या विक्रीला मी येते आहे. तुझ्या फाटकाशी उभी राहीन. वळू बघायला येईल त्या प्रत्येकाला सांगेन की हा दाण्यावर वाढलाय, असाच एक माझ्याकडे आला होता, त्याचे पाय गेले आणि माझा माणूस गेला. एवढं ऐकून ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. तुझ्या गिऱ्हाइकांना ते आवडणार नाही, तुलाही नाही. तू मला फाटकावरून हाकलणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच येतेय.

मागची खोली झाडून ठेव. पोरीला काही सांगू नकोस, मी आल्यावर तिला जवळ घेऊन सांगेन.

तुझ्यावरची माया तुटलेली नाही.
ताई