मेथीचा वाफा आणि चार जीव

डोणगाव

ती. केसरबाईस,

धाकट्या भावाचा, इंद्रभानचा, सविनय जयभीम. संग्रामपूरच्या थंडीनं तुझे गुडघे फार धरले नसतील, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको आणि तू दिलेल्या चारही कोंबड्या खुशाल आहोत. (फोन न करता पत्र लिहितो, कारण माझं फोनवरचं बोलणं समताला तर ऐकू येतंच, शेजारच्या जनकाबाईंनाही येतं.)

एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर निवांत बसायचं ठरवलं होतं. पण या समतानं हुकूम काढला, "कोंबड्या ठेवाच्या असन त परसात भाजी दिसली पाह्यजे. जावई येईन तवा भाजी नसली, त कोंबडीचाच रस्सा करतो मी." जावई म्हणजे आपला रवी, तुला ठाऊक आहेच. झालं, मी कुदळ धरली.

मेथी पेरताना मागे वळून पाहिलं नाही, तिथंच फसलो. मी पुढे पेरत गेलो आणि चौघी मागून रांगेनं बी टिपत आल्या. (मला वाटलं, सोबत करतात.) मग तुराट्यांचं कुंपण घालून पुन्हा पेरली आणि वांग्याच्या रोपांना कोंबड्यांचं ताजं खत ओंजळी भरभरून दिलं. चार दिवसांत रोपं करपली. जनकाबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, ताजं खत गरम असते, कुजू द्या लागते त्याले. गाडीले ग्रीस लावल्यावानी काऊन थापलं?"

असो. मेथी आता बोटभर झाली आहे. सकाळी चहा घेऊन वाफ्याशी बसतो, कुंपणाबाहेर चौघी माझ्या पायाशी माती उकरतात, आणि खरं सांगतो बाई, फार बरं वाटतं. वर्कशॉपात पस्तीस वर्षांत माझ्यामागे असं कोणी हिंडलं नव्हतं.

तुझा भाऊ,
इंद्रभान

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. रवी पुढच्या रविवारी येतो, आणि बोटभर मेथीची काय भाजी होणार? तांबडी आता माझ्या हातातले दाणे खाते गं. तू समताला फोन करून सांग की कोंबड्या अंड्यांसाठी दिल्या आहेत, रश्श्यासाठी नाही. तुझा शब्द ती मोडत नाही.

ता.क. २. बाई, मी समता. हे पाकीट चिकटवाले डिंक आणाले दुकानात गेले, म्हणून लिहून राह्यली. फोन नका करू. रवीसाठी मटण सांगून ठेवलं. कोंबडी मी कापणारच नव्हती. नोकरी सुटल्यापासून हे दिवसभर भिंतीकडं पाहत बसत, अर्धी भाकर ताटात ठेवत. आता दोन मांगून खातात. भेंडीचा वाफा खणाचा राह्यला अजून. तोवर त्यायले कोंबड्यायच्या जिवाचं भेव राहू द्या.