हवा खराब आहे, विमान पाठवू नका

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नवे गुरुजी उतरले! इथल्या छोट्या विमानात माणूसही तोलूनच चढवतात, म्हणून माझ्या रेडिओवर सकाळीच कळलं होतं — माणूस बासष्ट किलो, सामान अकरा. अकरा! अकरा किलोत कोणी राहायला येतं का? मागचे गुरुजी सव्वीस किलो घेऊन आले होते, ते सव्वीस दिवस टिकले. "वामेना शहरात जाऊन पगार घेऊन येतो" म्हणाले, ते अजून पगारच आणतायत. चौदा महिने झाले. म्हणजे किलोला एक दिवस. या हिशोबाने हे पुढच्या शनिवारी गायब.

नाव कोरिनुस मांब्रासार. बेटावरचे, कोळ्याच्या घरातले. दोन स्वेटर एकावर एक घालून उतरले आणि पहिला प्रश्न — "इथे मासे कुठे मिळतात?" म्हातारा सेलेक गवतात बसून इतका हसला की दोघांनी धरून उठवावं लागलं. मासे! इथे रताळं मिळतं. सकाळी रताळं, दुपारी रताळं, आणि बदल म्हणून संध्याकाळी भाजलेलं रताळं.

मला हसू आलं नाही. सहावीच्या परीक्षेची आठ पोरं आहेत गावात, त्यात माझी पेनिना.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माझा दीर ओत्निएल सकाळीच चुलीपाशी येऊन बसला. तो असा न बोलावता बसला की काहीतरी घेऊन आलेला असतो.

"वहिनी, पोरगी पंधराची झाली. पलीकडच्या खोऱ्यातला माणूस दहा डुकरं द्यायला तयार आहे."

"तोच ना, आधीच्या दोन बायका आहेत तो?"

"म्हणजे अनुभवी आहे!"

हातात विस्तवाची काडी होती, पण मारली नाही. नवरा गेल्यापासून पोरीच्या लग्नात दिराचा शब्द मोठा, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज संध्याकाळीच देवळाबाहेर सगळ्यांसमोर बोलून घेतलं: यंदा परीक्षा झाली आणि पेनिना पास झाली, तर ती पुढे शिकेल आणि दहा डुकरांचं नाव काढायचं नाही. परीक्षा झाली नाही, किंवा ती नापास झाली, तर ओत्निएल म्हणेल तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओत्निएलने सगळ्यात जोरात. त्यानेही ते अकरा किलो पाहिलेत ना!

परीक्षा मे महिन्यात. तोवर गुरुजी हलता कामा नयेत. बस.

सोमवार, ९ फेब्रुवारी

गुरुजींना बांधून ठेवायचं कसं यावर काल दिवसभर खल झाला. शेवटी सेलेक म्हणाला, पिल्लू द्या. बरोबर! ज्याच्या हाती आपण डुकराचं पिल्लू वाढवायला दिलं, तो ते मोठं होईस्तोवर जात नाही. आजवर कोणी गेलेलं नाही.

आज सगळे मिळून गेलो. सेलेकने पिल्लू पुढे केलं, छोटंसं भाषण केलं. गुरुजींचे डोळे भरून आले. म्हणाले, "अहो, इतक्या दिवसांनी काहीतरी रताळ्याशिवाय! मिरची आहे का कोणाकडे?"

सेलेकने पिल्लू मागे ओढलं. मीच पुढे झाले. "गुरुजी, खायचं नाही. वाढवायचं."

"मी? एकट्याने?"

"डुकरं बायकाच वाढवतात. पण तुम्हाला बायको नाही, त्याला आम्ही काय करणार?"

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पिल्लू रात्री थंडीने ओरडतं म्हणून गुरुजी त्याला एक स्वेटर देऊन बसलेत. दिवसा जाळीच्या झोळीत घालून, झोळी कपाळावरून पाठीवर सोडून, आमच्यासारखंच वागवतात. बाप्या माणूस! पाढे शिकवताना मागून डुकराचं तोंड बाहेर. रताळ्याच्या मळ्यात बायका कामं टाकून हसतायत. मीही हसले आज, पोट दुखेपर्यंत. पोरं मात्र नियमित शाळेत जायला लागली. पिल्लू बघायला असेना!

शनिवार, १४ फेब्रुवारी

गेले नाहीत. अकरा दिवस झाले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

झालं! आज सकाळी सहाला गुरुजी रेडिओच्या खोपटात हजर. "दोर्कासताई, येत्या विमानात माझं नाव घाला. पगार घेऊन येतो."

पगार घेऊन येतो! तेच शब्द. आणि डुकराचं काय, विचारलं. म्हणाले, पेनिना सांभाळेल आठ दिवस. पिल्लू कमी पडलं म्हणजे. बेटावरच्या माणसाला आमच्या रीतीचं काय वाटणार!

तेवढ्यात वामेन्याहून आवाज आला — "दोर्कासबाई, हवा कशी?" रोज विचारतात. बारा वर्षं मी रोज खरं सांगितलंय: ढग किती, वारा कुठला, धावपट्टी ओली की सुकी. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या डोंगराची झाडं मोजता येत होती.

तोंडातून निघून गेलं, "ढग आहेत. विमान पाठवू नका."

गुरुजी दारातून बाहेर बघत होते. "ढग?"

"इथले ढग खालून दिसत नाहीत, गुरुजी."

देवा, क्षमा कर. पण मे महिन्यानंतर कर.

सोमवार, २ मार्च

आठवड्याला एक विमान येणार असतं. दोन परतवली. गुरुजी रोज सहाला येतात, विचारतात, मी खोटं बोलते, ते हळहळतात, मी चहा देते. साखर संपली. मग चहा संपला. आता गरम पाणी देते.

पेनिनाचे अपूर्णांक झाले! सबंध रताळं कापून दाखवलं मला, पाव, अर्धं, पाऊण. मग आम्ही परीक्षेचा विचार करत पाऊण खाल्लं.

बुधवार, ११ मार्च

मीठ संपलं. ओत्निएल ओरडतोय, तंबाखू संपली, साबण संपला, असली कसली हवा तुझी? त्याला संशय आलाय. त्याने परीक्षा हुकावी म्हणून टपून बसायचं आणि मी विमान हुकवायचं, असं चाललंय आमचं.

सेलेकला मात्र खरं सांगून टाकलं. एवढं एकटीने पेलवेना. म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "बारा वर्षांचा खरेपणा साठलाय तुझ्याकडे. खर्च कर थोडा."

गुरुवार, २६ मार्च

आज जीव गेला होता! यान नावाचा आमचा वैमानिक शेजारच्या खोऱ्यात माल टाकून सरळ रेडिओवर आला. "दोर्कासबाई, मी तुमच्या बाजूलाच आहे. वरून बघून जातो."

मी खोपटातून पळत सुटले. "सेलेकदादा, धूर!" म्हाताऱ्याने पट्टीच्या वरच्या टोकाला ओल्या गवताचा ढीग पेटवला. पोरं धावली, बायका धावल्या, कोणी विचारलंही नाही कशाला. आमच्याकडे कोणी आग पेटवली की हातभार लावायचा, मग विचारायचं. पाच मिनिटांत पट्टी दिसेनाशी झाली. सगळे खोकून खोकून बेजार. वरून विमान घरघरत गेलं.

रेडिओवर यान म्हणाला, "बाप रे! आणि फक्त तुमच्याच गावावर!"

"काय करणार," मी म्हटलं, "आमचं नशीब."

संध्याकाळी गुरुजी दारात. डोळे लाल. म्हणाले, "ताई, आजच्या ढगाला गवताचा वास होता." मी गरम पाणी दिलं.

मंगळवार, ७ एप्रिल

पिल्लू केवढं झालंय! स्वेटरची शिवण उसवली. गुरुजी त्याला बाईसाहेब म्हणतात. बाईसाहेब कोणाच्या मळ्यात घुसल्या की गुरुजी जाऊन माफी मागतात. अशी माफी मागणारा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. लोक मुद्दाम कुंपण उघडं ठेवतात.

बुधवार, ६ मे



सकाळी वामेन्याच्या रेडिओवरच्या बाईने नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. तर ती म्हणाली, "मग त्या पेटीचं काय करू? पाच आठवडे विमानतळावर पडलीय."

"कसली पेटी?"

"शाळेची. परीक्षेचे पेपर. सोमवारी परीक्षा आहे ना सगळीकडे?"

माझ्या हातून बोलायच्या यंत्राचा ठोकळाच पडला. मूर्ख बाई! गाढव बाई! बारा वर्षं रेडिओ चालवतेस आणि पेपर काय पायी येणार होते? चालत नऊ दिवस लागतात! गुरुजींना धरून ठेवायच्या नादात परीक्षाच बाहेर अडवून ठेवली मी. माझ्या हातांनी. पोरीचं नशीब माझ्याच हातांनी.

"हवा उघडतेय!" मी ओरडले. "आत्ताच उघडली! पाठवा!"

यान मधेच बोलला, "आज विमान दुरुस्तीला आहे. उद्या."

गुरुवार, ७ मे

ढग. खरे. देवाचे.

शुक्रवार, ८ मे

ढग. पाऊस. पट्टीवर डबकी आणि कमरेइतकं गवत. तीन महिने विमान नाही, तर गवत कापतं कोण! ओत्निएल दुपारी आला आणि चुलीपाशी हसत बसला. त्याचं ते हसणं! पेनिना कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटत नव्हती.

शेवटी मी गुरुजींच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. खोटे ढग, धूर, पेटी, दहा डुकरं. रडले. बाईसाहेब माझा पाय हुंगत होत्या.

गुरुजी म्हणाले, "ताई, आम्ही सात पिढ्यांचे कोळी. आभाळ बघता आलं नाही तर आमच्यात माणूस बुडतो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज सकाळी वाटायचं, जावं. तुमच्याकडे यायचो, तुम्ही ढग सांगायचात, आणि मला इतकं हलकं वाटायचं! म्हणायचो, चला, आज ठरवायला नको."

म्हणजे मी एकटीच घाम गाळत होते तीन महिने! इतका राग आला, इतका राग आला, की बाईसाहेबांनाच एक धपाटा दिला.

शनिवार, ९ मे

पहाटे डोळे उघडले तर आभाळ निरभ्र. मी शिंग फुंकल्यासारखी ओरडत गावातून गेले, "गवत! गवत!" पन्नास-साठ माणसं कोयते घेऊन पट्टीवर. सेलेक बसून उपटत होता. गुरुजी कोयता असा धरत होते की पेनिनाने तो काढून घेतला. ओत्निएल कडेला हाताची घडी घालून उभा.

मी त्याला म्हटलं, "भावजी, त्याच विमानात तंबाखू आहे. आणि मीठ."

त्याने मनाशी दोन मिनिटं विचार केला. मग पट्टीचा एक तृतीयांश त्याने एकट्याने कापला. बैल आहे नुसता.

रेडिओवर यान म्हणाला, "दोर्कासबाई, खरं ना या वेळी?" म्हणजे तोही! सगळ्यांनाच माहीत होतं की काय? मी म्हटलं, "देवाशपथ खरं. समोरच्या डोंगराची झाडं मोजतेय." साडेअकराला विमान टेकलं. पेटी पेनिनाने उचलली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

गुरुवार, १४ मे

परीक्षा झाली. आठही पोरं बसली. गणिताच्या पेपराला बाईसाहेब वर्गात शिरल्या, एवढंच.

उत्तरपत्रिका गुरुजींनी स्वतः नेऊन द्यायच्या असा नियम आहे. मी वजन केलं: सत्तावन्न. पाच किलो आम्ही खाल्ले त्यांचे. विमानात चढताना म्हणाले, "येतो, ताई." सगळे हेच म्हणतात. या वेळी मी हवा खरी सांगितली होती, म्हणून तर विमान आलं होतं.

शनिवार, ३० मे

गुरुजी नाहीत. बातमी नाही. बाईसाहेब शाळेच्या दारात झोपतात. ओत्निएल रोज "काही कळलं का?" विचारून जातो.

बुधवार, २४ जून

रेडिओवर गुरुजींचा आवाज! "ताई, आठातली सात पास. पेनिना पहिली! पुऱ्या भागात पहिली! मी सोमवारी येतोय. सामान चाळीस किलो. अर्धे सुके मासे!"

चाळीस किलो! चाळीस!! मी खोपटातच नाचले. सेलेकलाही नाचवलं. ओत्निएलला बोलावून तोंडावर सांगितलं — पहिली, भावजी, पहिली! तो म्हणाला, "आमच्याच घरची आहे." आणि स्वतःचं एक डुक्कर कापायला काढलं. दुपारी खड्ड्यात दगड तापवले, सगळं गाव जेवलं. पेनिना सेलेकच्या शेजारी बसून पोटभर खात होती आणि हसत होती.

गुरुजी पुढे आणखी काहीतरी म्हणाले होते. नाचण्याच्या नादात मी नीट ऐकलं नव्हतं. जेवण झाल्यावर पेनिनानेच सांगितलं, ती खोपटाबाहेर ऐकत उभी होती. तिला वामेन्याच्या मोठ्या शाळेत जागा मिळालीय, वसतिगृहात. सहा वर्षांची. गुरुजी ज्या विमानाने येणार, त्याच विमानाने तिने जायचं.

सोमवार, २९ जून

पेनिना, एकोणचाळीस किलो. वजन मीच केलं, मीच लिहिलं. सहाला वामेन्याने विचारलं, "दोर्कासबाई, हवा कशी?" बाहेर जाऊन पाहिलं. परत जाऊन पाहिलं. मेला एक ढग नव्हता कुठे.

"उघडी आहे," म्हटलं. "या."