एक थाप, दोन थापा

शुक्रवार, ३ जानेवारी. सकाळ.
संकल्प पक्का. एप्रिलअखेर रिटायर व्हायचं आणि मे-जून ऑस्ट्रेलिया. ॲडलेड ते डार्विन, कॅराव्हॅनने. मी आणि मालू. मधे सगळं आउटबॅक. आउटबॅक म्हणजे शेकडो किलोमीटर लाल माती आणि अधूनमधून पेट्रोलपंपाएवढं गाव. सत्तावीस वर्षं बहरीनमध्ये एसी दुरुस्त केलेल्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये कोणी.

पूर्णिमाला फोन केला. मुलगी आमची, ॲडलेडला नर्स आहे. तिने विचारलं, बाबा, इज आई ओके विथ दिस? मी म्हटलं, एकदम खूश. मालू तेव्हा ओट्याशी उभी होती. पाठमोरी खूशच दिसत होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मालूला सांगितलं. खूश नाही.

म्हणाली, मला हे सकाळी तुमच्या फोनवरून ऐकायला लागतं होय? मग अट घातली. आधी इथे सखीरला वाळवंटात दोन रात्री कॅराव्हॅनमध्ये राहून दाखवा. माझ्यावर ओरडायचं नाही आणि कोणाकडे मदत मागायची नाही. जमलं तर येते डार्विनला. नाही जमलं तर मी विमानाने लेकीकडे, तुम्ही लांज्याला घर शाकारायला.

अट स्वीकारली. दोनच तर रात्री! पण लांज्याचं नाव काढायला नको होतं तिने. तिथे घर भाऊ बघतो, कलमं भाऊ बघतो. मी गेलो की अंगणात खुर्ची आणून देतात आणि विसरून जातात. त्या खुर्चीत मालूशिवाय मी एकटा? छे. विचारसुद्धा नको.

शुक्रवार, १० जानेवारी.
कॅराव्हॅनची सोय झाली. जमालुद्दीनच्या अरबाबची, म्हणजे मालकाची आहे, कॅम्पिंगसाठी ठेवलेली. जमालुद्दीन म्हणजे रत्नागिरीचा, माझा बहरीनमधला पहिला रूममेट. म्हणाला, दत्ता, ने बाबा, पण एक ओरखडा आला तर मी खलास. वर विचारलं, वहिनीला विचारलंस काय? सगळ्यांना मालूचीच काळजी. गाडी ओढणार मी!

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ.
जिदहफ्सला आमच्या बिल्डिंगच्या मागे रिव्हर्सची प्रॅक्टिस. जीपला कॅराव्हॅन जोडली. मालू मागे उभी. तिला अनुभव आहे, शाळेच्या बसवर अटेंडंट आहे ना ती. बस मागे घेताना उतरून ड्रायव्हरला खुणा करते.

मी मागे घेत होतो, छान चाललं होतं. मालूने पत्र्यावर दोन थापा मारल्या. मी ॲक्सिलरेटर दिला. कचऱ्याचा डबा आडवा.

चूक पूर्णपणे मालूची. दोन थापा म्हणजे चल. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे! एसटीत कंडक्टर काय करतो? सिंगल बेल थांब, डबल बेल चल. मी लांजा-रत्नागिरी गाडीने कॉलेज केलंय. तर ही म्हणते, आमच्या बसवर ड्रायव्हर झुबेरभाई आणि माझं उलटं ठरलंय. एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब-थांब. माणूस घाबरला की एकदाच मारून गप्प बसेल काय, असं वर मलाच विचारलं.

लॉजिक आहे, पण चुकीचं आहे. हुकूम काढला: यापुढे आपल्या घरात एसटीचा कोड. एक थांब, दोन चल. मालू म्हणाली, बरं बाई, तुमचा कोड. थापा मारण्यात तुमचा हात कोण धरणार!

हे कौतुक होतं की काय, ते नीट कळलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी.
वॉकी-टॉकी आणले. एक जीपमध्ये, एक कॅराव्हॅनमध्ये. मालूला शिकवलं की बटण दाबून धरायचं, बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं. ती हॉलमधून म्हणाली, अहो, ओव्हर. मी बेडरूममधून तिला आउटबॅकमधल्या कांगारूंबद्दल सविस्तर माहिती दिली. नंतर तक्रार, म्हणे तुम्ही बटण सोडतच नाही, मी बोलणार कधी? सराव कमी पडतोय तिचा.

तिने दोन सूचना केल्या. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करा आणि धुळीसाठी गॉगल घ्या. हवा झुबेरभाई कमी करतात म्हणे. फेटाळल्या. हवा कमी करायला मी काय फुगेवाला आहे?

मालूकडे लायसन्स आहे दोन वर्षांपासून. मी गाडी दिली नाही कधी. तिच्याच भल्यासाठी, इथले राउंडअबाउट फार वाईट.

गुरुवार, २३ जानेवारी. दुपार, सखीर.
पोहोचलो. ऐटीत. रेसच्या सर्किटवरून गाड्यांचा आवाज येतोय. मालूला म्हटलं, डार्विनच्या रस्त्यावर तीन-तीन डबे जोडलेले ट्रक असतात, त्यांचा आवाज असाच. ती म्हणाली, मग तिथे कशाला जायचं?

संध्याकाळ.
थोडे रुतलो.

मागचं चाक अर्धं वाळूत. मी फावडं मारलं. मालू बघत होती. एक शब्द बोलली नाही, हवेबद्दल तर नाहीच. ते जास्त लागलं. शेवटी शेजारच्या तंबूतला अबू खालिद आला, जाडजूड, हसरा माणूस. टायरची हवा कमी केली, दोर लावला, यल्ला यल्ला करत ओढून काढलं. काम झाल्यावर हिंदीत म्हणाला, हवा ज्यादा, दिमाग गरम.

मालू माझ्याकडे बघून म्हणाली, मदत.

मी मागितली नव्हती. तो स्वतःहून आला. अट 'मागायची नाही' अशी आहे. शब्दाला किंमत असते.

शुक्रवार, २४ जानेवारी. सकाळ.
पहिली रात्र पार! थंडीने कुडकुडलो. ब्लँकेट एकच निघालं, दुसरं आणायची जबाबदारी कोणाची होती यावर मी चर्चा वाढवली नाही. माझी होती.

मालू चहा करते आहे. कालपासून 'हो', 'नाही' आणि 'साखर संपली' एवढंच बोलली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडणाची मला सवय आहे. हे गप्प बसणं नवीन आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

दुपार.
वारा सुटला. धूळ इतकी की अबू खालिदचा तंबू दिसेना. बाहेरचं छत उडायला लागलं. मी दोर धरला आणि मालूला सूचना दिल्या.

मालूच्या मते मी ओरडलो. वाऱ्यात मोठ्याने बोलावंच लागतं. 'अक्कल' हा शब्द मी वाऱ्याला उद्देशून वापरला.

ती दोर बांधून आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

डाव्या डोळ्यात वाळू गेली आहे. लालभडक. गॉगल असता तरी गेलीच असती.

शनिवार, २५ जानेवारी. सकाळ.
दुसरी रात्र पार. टेक्निकली पास! मालूला विचारलं, मग? डार्विन? ती म्हणाली, घरी जाऊन सांगते.

डोळा उघडत नाही, दुसराही गळतोय. गाडी मालू चालवणार. नाइलाज. मी तिला नियम समजावले. मी आधी मागे उभा राहून गाडी वाळूतून बाहेर काढून देतो, मग कॅराव्हॅनमध्ये डोळ्यावर ओला रुमाल ठेवून आडवा होतो. दोन थापा मिळाल्या की निघायचं. तिने विचारलं, नक्की दोन? म्हटलं, एसटी म्हणजे एसटी.

दुपार. अबू खालिदच्या तंबूत, त्याच्याच कागद-पेनाने.
परिस्थिती अशी आहे.

मालूने गाडी एका दमात बाहेर काढली. हवा कमी होती म्हणून. मी कॅराव्हॅनमध्ये चढायला गेलो. चपला वाळूने भरलेल्या, जमालुद्दीनच्या अरबाबची गाडी घाण कशाला करा म्हणून पत्र्यावर झटकल्या. एक डावी, एक उजवी.

थप. थप.

गेली.

मी धावलो. अनवाणी. 'मालू, मालू' ओरडलो. धुळीतून फक्त कॅराव्हॅनचं मागचं दार दिसलं, मग तेही नाही. माझा फोन जीपमध्ये, चार्ज संपून बंद पडलेला. अबू खालिदने स्वतःचा फोन दिला, पण मालूचा नंबर पाठ नाही. हल्ली नंबर पाठ असतो कोणाला? अबू खालिदला त्याच्या बायकोचा आहे.

त्याने विचारलं, मादाम वेन? म्हणजे मॅडम कुठे? मी सांगितलं, ट्रेनिंग चालू आहे, आउटबॅकमध्ये माणूस हरवला तर काय करायचं त्याचं. मफी मुश्किल, काही अडचण नाही. त्याने खजूर पुढे केले. चांगला माणूस आहे.

पहिल्या सिग्नलला कळेल तिला. येईलच.

अजून आली नाही.

भीती वाटते आहे, इथे लिहायला हरकत नाही. तिला काही झालं तर? त्या राउंडअबाउटवर? मी तिला कधी गाडी का दिली नाही? आणि समजा काहीच झालं नसेल, सगळं नीट चाललं असेल, तर मग मला न्यायला ती येईल कशावरून?

संध्याकाळ, घरी.
आली. कॅराव्हॅन घरी सोडून नुसती जीप घेऊन आली. मला बघून रडली, मग ओरडली, मग अबू खालिदला सलाम करून मला गाडीत घातलं. परत येतानाही तीच चालवत होती. राउंडअबाउट तिने असे घेतले की मी सीट धरून बसलो. चांगले घेतले, हे कळावं म्हणून लिहितो.

झालं असं की तिला वाटलं मी आत झोपलोय. थेट जिदहफ्सला गेली. बिल्डिंगच्या मागे एकटीने रिव्हर्स घेऊन कॅराव्हॅन लावली. कचऱ्याचा डबा शाबूत. मग चहा घेऊन मला उठवायला गेली, तर पलंगावर फक्त वॉकी-टॉकी.

रविवार, २६ जानेवारी.
नवीन माहिती. मालू सखीरपासून घरापर्यंत वॉकी-टॉकीवर बोलत होती. माझ्याशी.

विचारलं, काय बोललीस? म्हणाली, सगळं. मी म्हटलं, सगळं म्हणजे? म्हणाली, तेहतीस वर्षांचं. बटण दाबून धरलं आणि बोलले. मधे बटण सोडून बघत होते, तुम्ही काही म्हणताय का. तुम्ही गप्प. मला वाटलं, पहिल्यांदा ऐकून घेताय.

मी म्हटलं, परत सांग, आता ऐकतो. रुमाल बाजूला ठेवला, दोन्ही डोळे उघडून बसलो. ती म्हणाली, एकदा बोलले ना. परत नाही जमायचं.

ओव्हरसुद्धा म्हणाली नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी.
कॅराव्हॅन परत केली. ओरखडा नाही. जमालुद्दीन म्हणाला, वा दत्ता, मस्त चालवलीस. मी थँक्यू म्हटलं. मालू शेजारीच उभी होती.

पूर्णिमाचा फोन. तिला मालूने सांगितलंय, मला नाही. पूर्णिमा म्हणाली, बाबा, शी सेड यस. इन द कार. आई तुमच्याबरोबर डार्विनला यायला तयार झाली होती. तिने सांगितलं की हे एवढं ऐकून घेतात तर कुठेही जाईन त्यांच्याबरोबर. अँड देन शी ओपन्ड द डोअर.

मी म्हटलं, मग होकार आहेच की! दिलेला होकार दिलेला असतो. पूर्णिमा बराच वेळ गप्प होती. लाइन खराब असावी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
मालूचं तिकीट झालं. एप्रिल. ॲडलेड. एक.

मी लांज्याला. कोणीतरी घर शाकारायला हवंच पावसाआधी. एका अर्थाने बेस कॅम्पची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पुढच्या वर्षी डार्विन नक्की. मालू म्हणाली, इंशाल्ला. इतकी वर्षं इथे राहून त्या शब्दाचा अर्थ मला कळत नाही असं नाही.

गुरुवार, १० एप्रिल. संध्याकाळ.
मालू गेली.

एअरपोर्टला मी येणार नाही असं सकाळीच जाहीर केलं होतं. तत्त्वाचा प्रश्न होता. कोणता, ते दुपारपर्यंत आठवत होतं. मग तिच्या बसचा झुबेरच आला न्यायला, स्वतःची गाडी घेऊन. बॅग त्याने ठेवली. मालूने मला दोन वेळा सांगितलं, भात फ्रीजमध्ये आहे. ती मागच्या सीटवर बसली. मी डिकी बंद केली.

आणि तेव्हा वाटलं, सांगावं. की ते सगळं मला ऐकायचं आहे. कितीही वेळ लागो, मी बटणाला हात लावणार नाही. किंवा निदान एअरपोर्टपर्यंत येतो म्हणावं. शब्द काही येईनात. म्हणून डिकीवर थाप मारली. एक. आपल्या कोडने, थांब.

झुबेरने आरशात बघून हात केला आणि गाडी काढली.

मालूने वळून पाहिलं. तिला दोन्ही कोड येतात. काचेला हात लावून ती काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही, आणि गाडी वळली.

एकच थाप मारली मी. नीट आठवतंय. एकच.