अर्धा किलो पिस्ते

प्रिय कुंताताई,

मुलीचं वजन किती किलो झालं की ती लग्नाची होते? आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही आहारशास्त्राची, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुझ्या आत्यासासूबाईंना येत असावं. महिन्यापूर्वी त्या चोरखमारा गावचे, मुलाकडचे पाहुणे घेऊन आल्या, मला उभं करून, वळवून पाहिलं आणि जाताना मायला म्हणाल्या, "पोरगी लयच बारीक आहे. महिनाभर पिस्ते चारा, मंग पुन्हा येऊ."

दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिरोड्याहून अर्धा किलो पिस्ते आणले. आपल्याकडे पिस्ता म्हणजे दिवाळीच्या बर्फीवरचा हिरवा चुरा. माझ्या परीक्षांना घरात पिस्ते आले नाहीत, तुझ्या बाळंतपणालाही नाहीत.

पिस्त्यांवर माझा राग नाही, ताई. मूठभर पिस्त्यांत एका अंड्याएवढं प्रथिन असतं, शिवाय तंतू, चांगली चरबी, ब-सहा जीवनसत्त्व. पण त्यांची गरज कोणाला आहे, हे कोणी बघायचं? मी आरोग्य केंद्रात माझं आणि मायचं, दोघींचं रक्त तपासून घेतलं. माझं हिमोग्लोबिन साडेबारा निघालं. मायचं आठ. त्या अंगानं ती भाताच्या रोवणीला जात होती आणि चक्कर आली की शेताच्या धुऱ्यावर बसून घेत होती, कोणाला न सांगता.

डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. नुसत्या पिस्त्यांनी रक्त भरत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण नुसता भात खाऊन राबणाऱ्या बाईच्या पोटात आणखीही काही जायला हवं, म्हणून रोज सकाळी मी तिच्यासमोर बसून टरफलं काढू लागले. पहिल्या दिवशी तिनं हात मागे घेतला. "तुले पाहाले येऊन राहिले वं, मले नाही." मी उठले नाही. शेवटी तिनं एक दाणा चावला आणि म्हणाली, "एवढं कौतुक, अन् लागते फुटाण्यावानी." तिसऱ्या आठवड्यात पिस्त्यांचा डबा तिनंच मागितला.

काल पुन्हा रक्त तपासलं. मायचं सव्वानऊ झालंय. माझं वजन होतं तेवढंच आहे.

फोनवर बोलताना तुझ्या सासूबाई जवळ असतात, म्हणून हे लिहून मायच्या हाती देते आहे. ती उद्या तुझ्याकडे दवनीवाड्याला येतेय. आता तुला टोमणे बसतील. ते तू मुकाट्यानं ऐकू नकोस, सरळ माझं नाव सांग. बाबा सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत, त्याचीही माझी तयारी आहे. रविवारी पाहुणे मला दुसऱ्यांदा पाहायला येणार होते. आज सकाळी मी स्वतः तुझ्या आत्यासासूबाईंना फोन करून सांगितलं की पिस्ते मायनं खाल्ले, मुलगी होती तशीच आहे, आणि तुम्ही येऊ नका.

तुझ्या पाठची, तुझीच
रुचि