धून जपानी, शेवट आपला

पप्पा, तुमची म्हणून जी धून नाशिक रोडला लग्नाच्या पाठवणीत वाजते, ती तुमची नाही, हे मी परवा बँडच्या मास्तरांना सांगून टाकलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. मास्तरांनी बोलावलं होतं ते शुद्धलेखन तपासायला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून गल्लीतल्या पत्रिका, पाट्या सगळं आता माझ्याकडेच येतं. बँडची नवी गाडी रंगवायला घेतलेली, आणि पेंटरने तुमच्या नावापुढे लिहिलं होतं, 'यांची धुन'. मी म्हणाले, "धू दीर्घ पाहिजे." त्याने पुसायला फडकं उचललं आणि मला राहवेना. "काका, दीर्घाचं सोडा, 'यांची' हेच चुकलंय."

चूक माझीच होती. मी आठवीत होते. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बँडची माणसं आली होती. कुणीतरी विचारलं, त्यांनी ही धून आणली कुठून? मी ताठ मानेने म्हणाले, "पप्पांनीच बनवली." कार्टूनमधून उचलली, असं त्या दिवशी सांगायला जीभ रेटेना.

मला तो स्वयंपाकघरातला टीव्ही अजून दिसतो. हिंदीत बोलणारं जपानी कार्टून लागलंय, त्यातलं कुणीतरी गाव सोडून निघालंय आणि मागे तेच संगीत. तुमचं क्लॅरोनेट बँडच्या शेडमध्ये, म्हणून तुम्ही लाटण्यावर बोटं फिरवून बघताय. मम्मी ओरडते, "लाटणं द्या इकडं, पोळ्या व्हायच्यात!" पुढच्या सीझनला तेच संगीत बासरीवर, त्याच कार्टूनच्या सिनेमात तेच कोरसमध्ये. तुम्ही हसता, "यांच्याकडं दुसरी धूनच नाय का गं?" मी चिडून सांगते, पप्पा, ते मुद्दाम करतात. तुम्ही तीच ओळ एकदा गुणगुणून बघता. मग म्हणता, "बरोबर आहे. जिथं एकदा माणूस रडला, तिथं परत तेच वाजवायचं. आम्ही वेगळं काय करतो?" त्याच आठवड्यात देवळालीगावातल्या एका पाठवणीला तुम्ही ती वाजवलीत. नवरीचा बाप तुमच्या गळ्यात पडला.

इतकी वर्षं लोक तुम्हाला नको त्या गोष्टीसाठी मोठं म्हणत होते, आणि खरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. एकदा ऐकून लाटण्यावर धून बसवणारा माणूस मला खोट्या मोठेपणापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. हे सगळं मी मास्तरांना धडाधडा सांगितलं. वाटलं, रागावतील. ते तंबाखू मळत राहिले.

"कार्टून?" ते म्हणाले. "आन् आम्ही बारा वर्षं उभे राहून वाजवतोय, मान देऊन."

पेंटर म्हणाला, "ताई, मग काय लिहू? जपान?"

सगळे हसले, मीही. मग मास्तर एकदम थांबले. "पण नवरीची गाडी सुटते तेव्हा ते सूर हळूहळू खाली उतरतात, तो शेवट? तो पण कार्टूनचाच का?"

"नाही," मी म्हणाले. "तो पप्पांचा. सगळे सीझन, सगळे सिनेमे कानाला हेडफोन लावून ऐकलेत मी. तो कुठेच नाही."

मास्तर पेंटरकडे वळले. "लिही मग. धून जपानी, शेवट आपला. आन् खाली नाव त्याचंच ऱ्हाऊ दे." मी उभी राहून सगळे उकार तपासून घेतले. काल ती गाडी पहिल्या वरातीला गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून इथे कबूल करते. सगळे सिनेमे ऐकलेत असं म्हणाले ना, ते खरं नाही. तुमच्या वेळचा एक जुना सिनेमा राहिलाय. तो डाउनलोड करून महिना झाला. अजून लावलेला नाही.