तिच्या मशीनचं दार

१ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस आणि मस्त गेला! म्हैसूरच्या या रेशमी साड्यांच्या कंपनीत आम्ही दोघी एकदमच लागलो, मी आणि मेघश्री. दसऱ्याला दोघींपैकी एकीलाच कायम करणार, हे उडुप सरांनी आधीच सांगून टाकलं. काम सोपं आहे. बाहेर बसून आपला कॉम्प्युटर चालवता येईल असं सॉफ्टवेअर कुठल्याही मशीनवर सापडलं की काढायचं आणि परत येऊ द्यायचं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी तसंच आत शिरून नव्या साड्यांची डिझाइनं पळवली. अकाउंट्सच्या गौरम्मा आमच्यासाठी तट्टे इडली घेऊन आल्या. म्हणाल्या, या गं पोलिसिणींनो, आधी खा, मग धाडी टाका.

रोजनिशी लॅपटॉपवरच लिहिणार. माझं अक्षर मलाच लागत नाही.

८ सप्टेंबर

गौरम्मांच्याच मशीनवर तसलं सॉफ्टवेअर! भाचा बेंगळुरूहून प्रिंटर नीट करतो म्हणे. मी नियम सांगितला तर तोंड फुगवून बसल्या. मेघश्रीने विचारलं, अक्का, भाच्याला घराची किल्ली देता का? तर म्हणाल्या, छे, फ्रिज रिकामा करेल मेला! सगळे हसले आणि त्यांनी स्वतःच ते काढून टाकलं. शोधलं मी. कौतुक तिचं.

१७ सप्टेंबर

तिने सरांना सुचवलं की परवानगीची यादी करू. यादीत नसेल ते सॉफ्टवेअर उघडणारच नाही. सर म्हणाले, शाब्बास मगळे. मगळे म्हणजे मुली. तिला मुलगी म्हणतात, आणि मला अजून कीर्ती. माझं नाव स्फूर्ती आहे!

हे माझ्याही डोक्यात होतं. मी बोलले नाही इतकंच.

यादी भरायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या मशीनवर मी तसलंच एक सॉफ्टवेअर लपवून ठेवलं आणि यादीत घातलं. परवानगी माझीच. ती काय करते ते फक्त बघायचंय. थोडंसंच.

२४ सप्टेंबर

ती माझ्या मागे, माझ्याकडे पाठ करून टाइप करते आणि मला माझ्या स्क्रीनवर सगळं दिसतं. एवढं काय आहे हिच्यात? काल तिच्या रिपोर्टमधलं एक पान मी इथूनच उडवलं. सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. डोळे पुसत माझ्याकडेच आली, म्हणाली, तू तरी बघ ना गं, माझ्या मशीनमध्ये कुणी शिरलंय का. मी बघितल्यासारखं केलं.

बरं वाटलं. खूप.

२६ सप्टेंबर

आज माझा माऊस आपोआप हलला. माझ्या मशीनवर काहीच सापडलं नाही. पण माझा रिपोर्ट कुणीतरी पूर्ण करून ठेवलाय. माझ्याच भाषेत. माझ्यापेक्षा चांगला.

सरांना आवडला. मी थँक्यू सर म्हटलं.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

सगळे कॉम्प्युटर बंद करून वायरी काढल्या, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. उद्या पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गौरम्मांनी सगळ्यांवरून कुंकू भरलेला कोहळा ओवाळला, जळणाऱ्यांची नजर फुटू दे म्हणाल्या, आणि दारात आपटला. लाल शिंतोडे फक्त माझ्या पायावर उडाले.

दुपारी घरी आले. कायम कोण, ते सर उद्या सांगणार. तिच्या मशीनवर सरांचं पत्र आलं असेल का? राहवेना. बंद असणार हे माहीत असूनही लॅपटॉपवर बघितलं.

तिचं मशीन चालू.

वायर मीच काढली होती—

उघडलं. तिच्या कॅमेऱ्यातून ऑफिस दिसतंय. टेबलांवर झेंडू. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. माझ्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलंय. माझी हिरवी ओढणी. त्या पाठमोरीच्या समोरच्या स्क्रीनवर एक खोली—

माझी खोली. माझी पाठ.

२ ऑक्टोबर

बंद केलं की परत उघडतं. काढायला गेले तर म्हणतं, परवानगी नाही. परवानगी तर माझीच—

गौरम्मांचा फोन आला. हसत होत्या. पूजेला किती लवकर आलीस, सर आज बरोबर स्फूर्ती म्हणाले, तुलाच कायम केलं, आणि मेघश्रीला मिठी मारून किती रडलीस गं.

मी घरीच आहे.

ओढणी सापडत नाही. लॅपटॉपला कुंकू लागलंय, मी लावलं नाही. सगळ्यांना ती आवडते. मला तिचा इतका हेवा—

मी बोटं उचलली आहेत. अक्षरं येतायत—

आज मी खूप खूश आहे. जुनी परवानगी काढून टाकते आहे. आता दुसऱ्या कुणाला इथून आत येता येणार नाही.